दाराजवळची खाट

४ फेब्रुवारी

फित्यास,

पुढचा गडी पोचला.

बॅग ठेवली, चहा घेतला आणि पहिलं पत्र तुलाच लिहायला बसलो. फोनचा उपयोग नाही हे आपल्याला केव्हाच कळलं आहे. मी विचारतो, "कसा आहेस?" आणि तू सांगतोस, "जेवलो." तुझे कान त्या टेकडीवरच्या स्फोटात गेले आणि माझी पाठही. पत्राला दोन्ही लागत नाहीत, हे बरं.

खोली तळमजल्यावर आहे. दोन खाटा, दोन कपाटं, न्हाणीघरात धरायला दांड्या. खिडकीजवळची खाट मी घेतली. पुढच्याला उजेड लागतो. दाराजवळची तुझी. तिच्यावर मी माझी पलटणीतली टोपी ठेवून दिली आहे, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तशी. म्हणजे कोणी बूड टेकायला नको.

या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाई भेटल्या. हे नवं दालन फक्त माजी सैनिकांचं आहे, म्हणाल्या. आमचं काम काय होतं विचारलं. मी सांगितलं, आम्ही दोघं सुरुंग काढायचो. मी पुढे पोटावर सरकत सळईने जमीन टोचायचो, म्हणून टोच्या. माझा दोस्त मागून साफ झालेल्या वाटेवर पांढरी फीत टाकत यायचा, म्हणून फित्या. फितीच्या आतून चाललं तर माणूस परत येतो, बाहेर पाय पडला तर त्याचे बूट परत येतात. आपली हाकही सांगितली त्यांना. मी "मोकळं" म्हणायचं, तू "फीत पडली" म्हणायचंस, मगच मी पुढे सरकायचो. बाई म्हणाल्या, "पुढे असणं म्हणजे केवढं धाडस!" म्हटलं, धाडस कसलं? पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, एवढाच नियम. मागे कोण आहे हे माहीत असलं की झालं.

खरं सांगू? घर सोडताना उंबऱ्यात पाय अडखळला. तुझी वहिनी त्याच घरात वारली. चिरंजीव दोन वर्षं तोंडावर सांगत होता, सूनबाई आडून सुचवत होती, मी ढिम्म. आणि तू बागेतल्या बाकावर बसून म्हणालास, "तू हो पुढे, मी आलोच." दुसऱ्या दिवशी मी सामान बांधायला काढलं. चिरंजीव चाटच पडला.

तर आता कधी येतोस ते कळव. वहिनींना नमस्कार.

मोकळं.
टोच्या


१९ फेब्रुवारी

टोच्यास,

फीत पडली.

पत्र वाचून जिवाला बरं वाटलं. हिने दोनदा वाचलं. जागा चांगली दिसते. न्हाणीघरातल्या दांड्या शोभेच्या नाहीत, धरत जा. आणि चहा ते आणून देतात ना? मग शेगडीच्या वाटेला जाऊ नकोस. आता बसून खायचे दिवस आहेत, राजा.

माझं विचारशील तर घराला रंग काढला आहे. एक भिंत अर्धी पिवळी, अर्धी कुठलीच नाही. रंगाऱ्याची जात तुला ठाऊकच आहे. रोज येतो म्हणतो आणि येत नाही. सगळं सामान मधल्या खोलीत, मी सामानाच्या वर. अशात कसं निघणार?

तू रमून जा. माणसं जोड. तुझा स्वभाव चांगला आहे, फक्त दुसऱ्याला कळायला वेळ लागतो.

फीत पडली.
फित्या


११ मार्च

फित्यास,

रंगारी एव्हाना आला असेल, आणि नसेल आला तर अर्ध्या भिंतीला कुलूप लावून ये.

इथे आमचा सन्मान जोरात चालू आहे. सन्मान म्हणजे काय ते ऐक. सकाळी खुर्चीत बसून कवायत. "एक-दोन, पाय वर!" शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची, पण आवाज आपल्या उस्तादासारखा. गोळ्या दिवसातून तीनदा, जेवणानंतर. भिंतीवर सगळ्यांचे तरुणपणीचे फोटो, त्यामुळे येणारा-जाणारा आधी फोटो बघतो, मग आम्हाला, मग पुन्हा फोटो. परवा शाळेतली मुलं आली. एकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" मी म्हटलं, एकही नाही, मी जमीन टोचायचो. पोरगी हिरमुसली. शेजारच्या खोलीतला बोटीवाला लगेच पुढे सरसावला आणि त्याने उभ्या उभ्या दोन जहाजं बुडवली. तो नौदलात होता खरा, पण भांडारात. साबण वाटायचा.

चेष्टा पुरे. एक गोष्ट मनापासून सांगतो. मागच्या आठवड्यात कोणाच्या तरी वाढदिवसाला फुगा फुटला आणि मी टेबलाखाली गेलो. या वयात, या पाठीने. कोणी हसलं नाही. बाई स्वतः खाली वाकून माझ्याजवळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून या इमारतीत फुगे बंद. इतकी वर्षं घरी वाढदिवस झाले, तिथे हे कोणाला सुचलं नव्हतं. मला तेव्हा तुझी फार आठवण आली. तुला सांगावं लागलं नसतं.

बोटीवाल्याची नजर तुझ्या खाटेवर आहे. त्याच्या खोलीतला सोबती दिवसभर टीव्ही मोठ्याने लावतो, म्हणून हा रोज माझ्या दारात येऊन दुधाकडे बोका बघतो तसा खाटेकडे बघत उभा असतो. "ही कोणाची?" "माझ्या मागच्याची." "मग येत का नाही?" मी म्हटलं, "मागचा आहे, मागून येणार." त्याला कळलं नाही. तुला कळेल.

मोकळं.
टोच्या


२० एप्रिल

टोच्यास,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. रंग झाला, पण गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणतात जिना नको, प्रवास नको, थंड हवा नको. मी म्हटलं, मग आता काय हवं तेच सांगा. तर म्हणाले, आराम. हिचंही नरमगरम असतं.

दाराजवळ वारा फार लागत असेल नाही? बोटीवाला एवढा मागे लागला आहे तर तात्पुरती देऊन टाक त्याला खाट. बिचारा साबण वाटून दमला असेल. खोलीत माणूस असलेला बरा, रात्री-अपरात्री हाक मारायला. तू एकटा झोपतोस या विचाराने मला इथे झोप येत नाही.

सूनबाई येते का भेटायला? चांगली पोर आहे. तिच्याशी नीट बोल.

फीत पडली.
फित्या


२६ एप्रिल

फित्यास,

तात्पुरती? तात्पुरती फीत टाकलेली तू कधी पाहिलीस का रे? तूच एका नव्या पोराला याच शब्दावरून दिवसभर उन्हात उभं केलं होतंस.

गुडघ्याचं मी इथे विचारून ठेवलं. कवायतवाली मुलगी गुडघ्यांचीच जाणकार आहे. जिना एकही नाही. तुझ्यापेक्षा वाईट गुडघे इथे जेवायला माझ्याआधी पोचतात. वहिनींचा विषय मी काढत नव्हतो, कारण त्या दिवशी बाकावर तूच म्हणालास, "हिचं मी बघतो, ती मुलीकडे आनंदाने राहील." तेव्हा ते ठरलेलंच आहे. उरलं काय? वारा? तुला ऐकू येत नाही, वारा कानात शिरून करणार काय?

आता महत्त्वाचं. १५ जूनला या दालनाचं उद्घाटन आहे. बाई प्रत्येकाकडे जाऊन विचारत होत्या, तुमचा मान कसा झालेला तुम्हाला आवडेल? याआधी असं कोणी विचारलं होतं का आपल्याला? मेडल दिलं तेही टपालाने पाठवलं होतं. बोटीवाल्याने बँड मागितला. मी म्हटलं, माझा दोस्त तोवर इथे आलेला असेल. मला पुढे बोलवाल तेव्हा त्याला माझ्या मागे उभं करा. एवढंच.

आणि फजिती बघ. सगळ्यांत म्हातारा मी, म्हणून फीत मी कापायची म्हणे. फीत कापायची! बाईंनी मुद्दाम पांढरी आणली आहे, सैनिकांना शोभेल म्हणून. त्यांना कसं सांगू की आपल्यात पांढऱ्या फितीला कात्री लावणाऱ्याचं काय झालं असतं? तू मागे असलास तर बघू.

तारीख कळव. या वेळी कारण नको, तारीख.

मोकळं.
टोच्या


२४ मे

तुझं उत्तर आलं नाही. आता त्याची गरजही उरली नाही.

रविवारी सूनबाई आली होती, नातवाला घेऊन. नातू तुझ्या खाटेवर उड्या मारायला लागला, तर मी ओरडलो, "ती आजोबांच्या मित्राची आहे, उतर!" सूनबाई हसली. म्हणाली, "बाबा, अजून धरून ठेवली आहे होय?" मग माझ्याशेजारी बसली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "काकांचे उपकार कसे फेडायचे कळत नाही. ते नसते तर तुम्ही हललाच नसता. मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा तेच म्हणाले, 'मी येतो म्हटल्याशिवाय तो उठायचा नाही. मी म्हणतो तसं. एकदा तिथे रमला की विसरेल.'"

तिला वाटलं, मला हे एव्हाना माहीत असेल. तिला वाटलं, आपण दोघं यावर हसलो असू. म्हणून मी हसलो. नातवाला बिस्कीट दिलं. फाटकापर्यंत सोडायला गेलो, हात हलवला. परत येऊन खाटेवरची टोपी उचलली, काय करायचं तिचं ते सुचेना, पुन्हा तिथेच ठेवली.

चिरंजिवावर माझा राग नाही. तो दोन वर्षं तोंडावर म्हणत होता, "बाबा, तुम्ही जा." मला ते आवडलं नाही, पण त्यात खोटं नव्हतं. मी त्याचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं. इथे मी रोज त्या बोटीवाल्याला हाकलत होतो. "येतो, येतो, त्याचं घर रंगवायचं चाललंय." सगळं दालन ऐकत होतं. आज जेवताना लक्षात आलं, हल्ली कोणी विचारतच नाही, तुमचे मित्र कधी येणार म्हणून. म्हणजे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

शत्रू सुरुंग पुरतो. ते त्याचं कामच आहे, त्याचा राग येत नाही. पण मागच्याने खोटी फीत टाकली तर पुढच्याने कोणाकडे बघायचं? मी इतकी वर्षं एकदाही वळून बघितलं नाही रे. त्या टेकडीवर नाही, त्या बाकावरून उठलो तेव्हाही नाही.

एकच विचारतो. "मी आलोच" म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं का, की तू येणार नाहीस?

टोच्या


२ जून

टोच्यास,

हो. माहीत होतं.

आता माझंही ऐक, मग फाड हे पत्र. हिवाळ्यात एका संध्याकाळी तू बाकावर माझ्याशी गप्पा मारत बसला होतास. घरी तू चहाला शेगडी पेटवून आला होतास. चहा उतू जाऊन ती विझली, गॅस घरभर, आणि नातू आतल्या खोलीत झोपलेला. सूनबाई दहा पावलांवरच्या दुकानात गेली होती, लगेच परत आली म्हणून निभावलं. तुला कोणी सांगितलं नाही. तुझा मुलगा म्हणाला, बाबांना कळलं तर ते मोडून पडतील. मग तू न्हाणीघरात पडलास आणि मला "जरा घसरलो" म्हणून सांगितलंस. ती पोर माझ्या दारात बसून रडली, टोच्या. मला ऐकू येत नव्हतं, तरी कळत होतं. मी काय करायला हवं होतं?

आणि मीही एक विचारतो. माझी बायको घरात आहे. दारावर कोण आलं, दूध उतू चाललंय का, हे मला ती सांगते. तिला मुलीकडे टाकून मी तुझ्या खोलीत राहायला येईन असं तुला वाटलंच कसं? मला वाटलं, तुलाही आतून ठाऊक आहे, फक्त उठायला एक निमित्त हवंय. ते मी दिलं.

तू सुखरूप आहेस. नातू सुखरूप आहे. फीत खोटी असेल, पण तिच्यावरून चाललेला माणूस पोचला. मला त्याची लाज वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळं, त्याचा हिशोब माझ्याकडे.

१५ तारखेला येऊ का? मागे उभा राहीन. कळव.

फित्या


१८ जून

फित्यास,

"येऊ का" ला मी उत्तर दिलं नाही. तरी आलास.

आधी शेगडीचं. ते वाचून मी दिवसभर खोलीबाहेर पडलो नाही. नातवाचा फोटो उलटा करून ठेवला, त्याच्याकडे बघवेना. चिरंजीव म्हणाला तसा मोडलो, हे खरं आहे. पण तेव्हाच सांगितलं असतंस तर मोडलो असतो तिथेच, घरात, आणि मग माझं सामान मी स्वतः बांधलं असतं. त्याच दिवशी. तुझ्या "आलोच"शिवाय. सुरुंग दिसला की खूण करायची आणि पुढच्याला ओरडून सांगायचं, दुसरं काय शिकलो आपण? तुला सुरुंग दिसला. तू सुनेशी बोललास, मुलाशी बोललास, घरी वहिनींना सांगितलं असशील. ज्याच्या पायाखाली होता त्यालाच तेवढं सांगितलं नाहीस. मी म्हातारा झालो आहे, नवखा नाही.

तू येशील असं मला वाटलंच कसं, विचारतोस. तू म्हणालास म्हणून वाटलं. दुसरं कारण मला कधी लागलंच नव्हतं.

आता उद्घाटनाचं. तू होतास, पण तुला ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. पाहुणे आमच्याबद्दल बरं बोलले. बँड नव्हता, म्हणून बोटीवाला फुगून बसला होता. मग बाईंनी मला पुढे नेलं. दोन खांबांच्या मध्ये ती पांढरी फीत, कमरेएवढी उंच, आणि माझ्या हातात कात्री. हात पुढे जाईना. बाईंना वाटलं मला दिसत नाही, त्यांनी बोटाने दाखवलं. लोक टाळ्यांसाठी हात वर धरून बसले होते. तेवढ्यात सगळ्यांत मागून कोणीतरी कुजबुजलं, "पुढे हो. मी आहे मागे."

बहिऱ्या माणसाने कुजबुजू नये, फित्या. अख्ख्या मांडवाने ऐकलं. सगळ्या माना मागे वळल्या. बाईंचीही वळली. पाहुण्यांचीही.

माझी वळली नाही.

कात्री मी बाईंच्या हातात दिली. खांबाची गाठ सोडली आणि फीत गुंडाळायला लागलो, काम संपल्यावर तू गुंडाळायचास तशी, अंगठ्यावर, पीळ न पडू देता. ते काम नेहमी तुझं होतं. मी फक्त बघून शिकलो होतो, तरी बऱ्यापैकी जमलं. लोकांना वाटलं आमच्यात अशीच रीत असेल. टाळ्या वाजल्या. मी दालनातून सरळ आत माझ्या खोलीत गेलो. बाई नंतर म्हणाल्या, तुमचे मित्र बराच वेळ फाटकाशी उभे होते, बोलवू का? मी नको म्हटलं.

पूर्वी वळायचो नाही, कारण तू आहेस हे माहीत असायचं. त्या दिवशीही तू आहेस हे माहीत होतं. पण वळलो असतो तर तुझं तोंड दिसलं असतं, आणि तुझं तोंड दिसल्यावर माझा राग आजवर कधी टिकलेला नाही. हा राग मला ठेवायचा आहे. घर गेलं, आता स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे माझ्याकडे.

फीत सोबत पाठवतो आहे. तुझी आहे, तुझ्याकडे राहू दे. वहिनींना सांग, त्यांच्यावर माझं काही नाही. गुडघा खरोखर दुखत असेल तर शेक घे.

दाराजवळच्या खाटेवरची टोपी मी कपाटात ठेवली. बोटीवाल्याला म्हटलं, ये. रात्रभर घोरतो, झोपेत जहाजं बुडवतो, माझा साबण न विचारता वापरतो. पण येतो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी उशी काखेत मारून आला.

टोच्या